दीड सेंटीमीटर

हिवाळ्यात पहाटे नागपूरच्या अंबाझरीच्या काठावर चेहरे दिसत नाहीत. कानटोप्या, मफलर, तलावावरून येणारं धुकं, आणि महापालिकेचे दिवे एकाआड एक. तरी समोरून कोण येतंय ते लांबूनच कळतं. एक काका खांदे अजिबात न हलवता येतात. दोन बहिणी सारख्याच उंचीच्या आहेत, पण धाकटीचं उजवं पाऊल बाहेर वळतं. एक तरुण मुलगा प्रत्येक पावलाला टाच उचलून असा उसळतो की त्याचं डोकं आधी दिसतं आणि मग तो. नाव माहीत नसलेली ही माणसं मी चालीवरून ओळखते, आणि मला वाटतं तीही मला ओळखत असतील.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली हे नीट तपासलं. त्यांनी अंधारात एका माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, कमरेवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर छोटे दिवे लावले आणि चित्रण केलं. माणूस स्थिर असताना बघणाऱ्यांना नुसते विखुरलेले ठिपके दिसले. तो चालू लागला आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत सगळ्यांनी सांगितलं, माणूस चालतोय. पुढे १९७७ मध्ये कटिंग आणि कोझलोव्स्की या अमेरिकन संशोधकांनी मित्रमंडळींचंच असं चित्रण केलं. नुसत्या ठिपक्यांवरून लोकांनी आपले मित्र ओळखले. दर वेळी नाही, पण अंदाजपंचे जमेल त्याहून कितीतरी जास्त वेळा.

चाल ही माणसाची लकब असते असं आपण मानतो. गेली काही वर्षं या विषयावरचं जे मिळेल ते वाचते आहे, आणि मला आता वाटतं की लकब हा त्यातला फार थोडा भाग आहे. बाकी सगळा हिशेब आहे. ही हाडं, ही लांबी, हे वजन, हा दुखरा गुडघा घेऊन कमीत कमी खर्चात पुढं कसं जायचं, याचं प्रत्येक शरीरानं आपापलं काढलेलं उत्तर म्हणजे त्याची चाल. आणि हा हिशेब इतका काटेकोर आहे की तो शेवटच्या सेंटीमीटरपर्यंत बचत करतो.

बचत होते ती अशी. घड्याळाचा लंबक वर टांगलेला असतो आणि खाली झुलतो. चालताना याच्या उलट घडतं. पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं आणि त्या पायावरून अख्खं धड एका कमानीत पुढं सरकतं. कमानीच्या माथ्यावर शरीर सर्वांत उंच असतं आणि वेग सर्वांत कमी. दोन्ही पाय जमिनीवर असतात त्या क्षणी शरीर सर्वांत खाली आणि वेग सर्वांत जास्त. चढताना जो वेग गेला, तो उतरताना परत मिळतो. हा चढउतार जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा असतो. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोव्हानी काव्हान्या यांनी पायाखालचा दाब मोजणाऱ्या पट्ट्यांवर माणसांना चालवून ही देवघेव मोजली. ताशी पाच किलोमीटरच्या आसपास ती सर्वांत चांगली जमते, आणि त्या वेगाला सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा अशी परत वापरात येते. कुणी न सांगता बहुतेक माणसं नेमकी त्याच वेगाच्या आसपास चालतात.

उरलेला एक तृतीयांश खर्च टळत नाही. प्रत्येक पावलाला पुढचा पाय जमिनीवर आदळतो, आणि खाली चाललेलं शरीर पुन्हा वरच्या दिशेला वळवावं लागतं. हे काम मुख्यतः मागच्या पायाची पोटरी करते. टाच उचलते, बोटांवर जोर येतो आणि एक झटका मिळतो. त्या झटक्याची वेळ साधली, म्हणजे पुढची टाच टेकायच्या अगदी आधी तो बसला, तर खर्च कमी होतो. उशीर झाला तर जास्त. आपण बोलत, हसत, फोनवर भाजीचा भाव विचारत चाललेलो असतो, आणि खाली पोटरी ही वेळ पावलागणिक साधत असते.

या सगळ्याच्या मुळाशी गुरुत्वाकर्षण आहे, म्हणून चालण्याला वेगाची मर्यादाही आहे. कमानीवरून जाताना शरीराला जमिनीशी धरून ठेवणारं बळ तेवढंच असतं. पाय नव्वद सेंटीमीटर लांब धरला तर ताशी पावणेअकरा किलोमीटरच्या पुढं ते बळ अपुरं पडतं आणि पाऊल सुटतं. प्रत्यक्षात आपण त्याच्या बरेच आधी, ताशी सात किलोमीटरच्या आसपास, आपोआप पळायला लागतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश. हाच हिशेब तिथं लावला तर ती मर्यादा ताशी साडेचार किलोमीटरच्याही खाली येते, म्हणजे आपली रोजची चाल तिथं चालच राहत नाही. काव्हान्या आणि त्यांचे गुरू रोदोल्फो मार्गारिया यांनी १९६४ सालीच लिहून ठेवलं होतं की चंद्रावर माणूस उड्या मारत जाईल. पाच वर्षांनी सगळ्या जगानं ते पाहिलं. अंतराळवीर तिथं मजेनं उड्या मारताहेत असं लहानपणी वाटायचं. त्यांच्या शरीरानं नव्या जागेचा हिशेब करून काढलेलं ते उत्तर होतं, हे कळल्यापासून ती चित्रफीत मला आणखी आवडते.

डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बायांकडे मी नेहमी बघत राहते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उभं राहिलं की त्या दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली, आणि त्या स्मृतीसाठी आजही लाखो माणसं येतात. रेल्वे स्टेशनवरून कितीतरी जण पायीच येतात. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या आज्या, डोक्यावर गाठोडं, एका हातात नातवाचं बोट. गर्दी रेटत असते, मान मात्र हलत नाही.

केनियातल्या लुओ आणि किकुयू जमातींच्या, अशाच ओझं वाहणाऱ्या बायांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला होता. श्वासातला प्राणवायू मोजल्यावर दिसलं की आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं त्या जवळपास फुकटात वाहतात. रिकाम्या डोक्यानं चालायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच. तेवढंच ओझं पाठीवर घेतलेल्या सैनिकांचा खर्च मात्र वाढत होता. कारण नंतर, १९९५ मध्ये सापडलं. ओझं असताना या बायांची ती चढउताराची देवघेव आणखी चोख होते. लहानपणापासूनच्या सवयीनं शरीरानं शोधलेली ही वाट. मात्र डोक्यावर ओझं वाहणाऱ्या सगळ्यांनाच ती सापडते असं पुढच्या मोजण्यांत दिसलं नाही, आणि पाचव्या हिश्श्याच्या वरचं ओझं कुणालाच फुकटात वाहता येत नाही. आमच्या भागात जुनी घरं पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. तिथं स्लॅबच्या दिवशी ओल्या काँक्रीटचं घमेलं डोक्यावर घेऊन फळीवरून चढणाऱ्या बाईच्या चालीत डौल असतो हे खरं. पण ते घमेलं पाचव्या हिश्श्याच्या बरंच वर असतं. तिला दिवसभरात किती ऊर्जा लागते आणि तिच्या डब्यात काय असतं, हे त्या डौलाचं कौतुक करताना विसरू नये.

आता त्या शेवटच्या सेंटीमीटरकडे येते.

मागचा पाय उचलून पुढं येतो, तेव्हा तो उभ्या पायाच्या शेजारून जाताना जमिनीच्या सर्वांत जवळ असतो. किती जवळ, ते वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. चवड्याचं टोक आणि जमीन यांत एक ते दोन सेंटीमीटर, साधारण दीड. आणि नेमक्या त्याच क्षणी पावलाचा वेग सर्वांत जास्त असतो, शरीराच्या वेगाच्या जवळपास तिप्पट. इतक्या वेगानं, इतक्या खालून, दिवसातून हजारो वेळा. पाय आणखी वर उचलायचा तर कंबर, गुडघा, घोटा तिघांनाही जास्त काम, आणि ते हजारो वेळा. शरीर तो खर्च करत नाही. जमीन सपाट आहे असं ते धरून चालतं.

आमच्या शेजारच्या काकू गेल्या पावसाळ्यानंतर फूटपाथवर पडल्या. खालची माती वाहून गेल्यानं एक गट्टू खचला होता आणि त्याच्या बाजूचा तेवढाच वर राहिला होता. चपलेचं टोक अडलं, हात पुढं गेला आणि मनगट मोडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "बघून चालायचं ना जी." काकू बघूनच चालत होत्या. चालणाऱ्याची नजर साधारण दोन पावलं पुढं असते. पाऊल त्या जागी पोचतं तोवर नजर तिथून निघून गेलेली असते, आणि तसंच असावं लागतं, नाहीतर समोरून येणारी ॲक्टिव्हा कुणी बघायची? बोटभर उंचीची, त्याच राखाडी रंगाची कड डोळ्यांनी टिपण्याजोगी नसते. ती खांबासारखी आडवी आली असती तर काकूंनी वळसा घातला असता. अर्ध्या फुटाची असती तर पाय उचलला असता. दीड सेंटीमीटरची कडच सर्वांत वाईट, कारण शरीराच्या हिशेबात ती बसत नाही.

वय वाढलं की माणसं पाय घासत चालतात, म्हणून पडतात, असं आपण म्हणतो. मोजणीत थोडं वेगळं दिसतं. चवड्याची जमिनीपासूनची सरासरी उंची म्हातारपणी फारशी कमी होत नाही. पावलागणिक तिच्यात पडणारा फरक वाढतो. शंभरातली बहुतेक पावलं तरुण माणसासारखीच, मधूनच एखादं फार खालून जाणारं. सपाट जमिनीवर ते एखादं पाऊलही निभावतं. खचलेल्या गट्टूवर निभावत नाही.

बाबांच्या डाव्या खुब्याचा सांधा झिजला आहे. पायावर भार आला की ते सगळे डावीकडं कलतात आणि मग पुढं जातात. काठी घ्यायला ते बरेच दिवस तयार नव्हते. शेवटी आईनं महालातल्या एका दुकानातून आणली, आणि बाबांनी ती कुणालाही सुचेल तशी डाव्या हातात धरली. दुखतं तिकडं आधार. फिजिओथेरपीला गेलो तेव्हा तिथल्या मुलीनं पहिल्याच मिनिटाला ती काढून उजव्या हातात दिली.

"काका, काठी या बाजूनं."

"अहो डॉक्टर, दुखून राहिला डावा, अन् तुम्ही काठी उजव्या हातात देऊन राहिल्या?"

तिनं फाइलच्या पाठकोऱ्या बाजूवर एक आकृती काढली. बाबांची उमेदीची सगळी वर्षं इतवारीच्या धान्यबाजारात गेली आहेत. आकृती बघून ते म्हणाले, "हा तर तराजू आहे. फक्त दांडी मधोमध नाही धरली." आणि मग तो हिशेब त्यांना तिच्यापेक्षा भराभर कळत गेला.

डाव्या पायावर उभं राहिलं की उजवा पाय हवेत असतो. सगळं वरचं शरीर डाव्या खुब्याच्या गोळ्यावर तोललेलं असतं, पण शरीराचा भार त्या गोळ्याच्या थेट वर नसतो. तो आतल्या बाजूला, ढोबळमानानं दहा सेंटीमीटरवर पडतो. त्यामुळं कंबर उजवीकडं खाली पडू पाहते. तिला धरून ठेवतो तो खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस. त्याची दांडी मात्र आखूड, पाचच सेंटीमीटर. बाबांचं वजन साठ किलो. उभा पाय सोडून वर राहिले पन्नास. पन्नास किलो दहा सेंटीमीटरवर, म्हणजे स्नायूला पाच सेंटीमीटरवर शंभर किलोनं ओढावं लागणार. हे शंभर आणि वरचे पन्नास, दोन्ही मिळून दीडशे किलो त्या झिजलेल्या सांध्यावर, आणि तेही साठ किलोच्या माणसाच्या. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांच्या गटानं शस्त्रक्रियेत बसवायच्या कृत्रिम सांध्यांच्या आतच संवेदक ठेवले आणि ते घेऊन चालणाऱ्या माणसांच्या खुब्यावरचा भार प्रत्यक्ष मोजला. साध्या चालीत तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट निघाला.

आता काठी उजव्या हातात. ती डाव्या खुब्यापासून लांब आहे, चाळीस सेंटीमीटर तरी. तिच्यावर फक्त पाच किलो टाकले तरी चाळीस सेंटीमीटरवरचे पाच किलो म्हणजे स्नायूच्या दांडीवरचे चाळीस. शंभराऐवजी साठच किलो ओढावे लागतात. वरच्या पन्नासातलेही पाच काठीवर गेले, म्हणून सांध्यावरचे दीडशे उतरून एकशे पाच होतात.

"म्हणजे पाच किलो टाकून पंचेचाळीस किलो उतरवले," बाबा म्हणाले. "असा सौदा इतवारीत नाही भेटत."

काठी डाव्याच हातात राहिली असती तर हा फायदा मिळत नाही. तिचा रेटा उलट कंबर उजवीकडं पाडायलाच मदत करतो, म्हणून तिचा उपयोग करून घ्यायला सगळं धड तिच्यावर कलवावं लागतं. बाबा तेच करत होते, आणि त्यांची पाठ दुखायला लागली होती. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ सालीच दाखवून दिलं होतं की खुब्याची ही लचक हाडाच्या नव्हे तर या बाजूच्या स्नायूच्या कमजोरीतून येते. अमेरिकेतल्या मिलवॉकीचे अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट १९५६ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना काठीच्या बाजूनं कळकळीनं सांगत होते. माणसं लाजेपोटी काठी टाकून देतात आणि सांधा लवकर गमावतात, हे त्यांचं दुःख होतं. इतकं स्वस्त, इतकं जुनं आणि इतकं नेमकं औषध क्वचितच असेल. तरी आपल्याकडं दहातल्या बऱ्याच जणांच्या हातात ती दुखऱ्या बाजूलाच दिसते. गोकुळपेठ बाजारात तसं कुणी दिसलं तर मी आता थांबून सांगते. बहुतेक जण ऐकून घेतात. एका आजोबांनी तिथंच, संत्र्याच्या हातगाडीपुढं, हात बदलून चार पावलं टाकून बघितली आणि म्हणाले, "हौ, फरक तं आहे."

काठीची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत यावी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदलावं. ती दुखऱ्या पायाबरोबर पुढं टाकावी. एवढंच शिकायचं असतं.

बाबांबरोबर संध्याकाळी ट्रॅफिक पार्कपर्यंत जाते तेव्हा मी दमते. अंतर थोडं, वेग त्याहून थोडा, तरी दमते. आता त्याचं कारण माहीत आहे. फार सावकाश चालताना त्या कमानीवरची देवघेव बिघडते. वेगच नसेल तर चढायला काय वापरणार आणि उतरताना काय परत मिळणार? तेवढ्याच अंतराला जास्त खर्च येतो. त्यांना त्यांच्या वेगाला चालू देणं आणि आपण आपला हिशेब थोडा बिघडवून घेणं, हे बरोबर चालण्यात येतंच.

त्या फेरीत मी त्यांच्याशी फार बोलत नाही. स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धाश्रमातल्या अठ्ठावन्न जणांबरोबर चालता चालता गप्पा मारून पाहिल्या गेल्या. बारा जण उत्तर द्यायला थांबले. त्या बारांतले दहा जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणं आपोआप होतं ते तोवरच, जोवर शरीराकडं शिल्लक असते. ती संपत आली की प्रत्येक पावलाला लक्ष द्यावं लागतं आणि मग बोलण्यासाठी लक्ष उरत नाही. बाबा अजून चालता चालता उत्तर देतात. पण लक्ष्मीभुवन चौकापासून पुढं फूटपाथ जिथं खराब होतो तिथं त्यांची वाक्यं तुटक होतात, हे माझ्या लक्षात आलं आहे. तिथं मी प्रश्न विचारत नाही. ते अंतर पार झालं की तेच म्हणतात, "हां, तू काय म्हणून राहिली होती?"

नागपूरचे सिमेंटचे रस्ते गाड्यांसाठी छान झाले आहेत. मेट्रो आली, उड्डाणपूल झाले. पायी चालणाऱ्याला मात्र रस्त्याची पातळी वर आणि फूटपाथची खाली, किंवा त्याच्या उलट, असं सगळीकडं झालं आहे. कडुनिंबाच्या मुळांनी उचललेले गट्टू, चेंबरची वर आलेली झाकणं, केबलसाठी खणून कसाबसा बुजवलेला पट्टा. यातलं काहीच गुडघाभर नाही, सगळं बोटभरच आहे, म्हणून तक्रारवहीत ते मोठं वाटत नाही. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की म्हातारी माणसं पहाटे पाचला, उजेडाआधी फिरायला निघतात, आणि त्या अंधारात याच कडांवरून चालतात.

मी पट्टी घेऊन आमच्या गल्लीपासून ट्रॅफिक पार्कपर्यंतच्या कडा मोजल्या आणि संबंधित कार्यालयात द्यायचा अर्ज लिहिला आहे. कुठल्या घरासमोर किती मिलिमीटर, सगळं लिहिलं. दीड सेंटीमीटर हा आकडा कशासाठी महत्त्वाचा आहे, तेही थोडक्यात लिहिलं. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चश्मा लावून तो परत स्वतः वाचला आणि म्हणाले, एक राहिलं. बंगल्यांच्या फाटकांसमोर गाडी चढावी म्हणून फूटपाथ रस्त्याकडं उतरता केला आहे, तेही लिही.

"जाताना रस्ता माझ्या उजवीकडं राहते. तिथं जमीन उजवीकडं खाली जाते, अन् माझी काठी चार बोटं छोटी होऊन जाते."

हे वाक्य त्यांच्याच शब्दांत अर्जात घातलं आहे, फाटकांच्या क्रमांकांसह.